दारुड्याला खाट द्या
(नांदेड-लातूरकडच्या युवकांच्या शिबिरातलं भाषण)



विहारात पंचशील म्हणतो आपण. पाचव्या शीलाला अर्ध्या जणांच्या माना खाली जातात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे. मग पिणाऱ्याला आपण काय म्हणतो? नालायक. चळवळ बुडव्या. मीबी म्हणत होतो.

आमच्या वस्तीतला एक म्हातारा. नामांतरात लाठ्या खाल्लेला. रोज पिणार. पोरानं खोलीत कोंडला. दुसऱ्या रात्री हातपाय थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले, मग झटका. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नव्हतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत असं होतं, आणि त्यात माणूस मरतोसुद्धा. तिथं मांत्रिक नको, शपथ नको. डॉक्टर पाहिजे, ब-१ जीवनसत्त्वाची सुई पाहिजे, झटके थांबवायचं औषध पाहिजे. म्हणजे खाट पाहिजे.

देगलूर, बिलोली, धर्माबादवाल्यांनो, नीट ऐका. शेजारच्या तेलंगणात २०१५ साली भेसळीच्या ताडीवर सरकारनं हात टाकला. ताडीत अल्प्राझोलम, म्हणजे झोपेच्या गोळीचं औषध कालवलेलं. ताडी तुटली आणि निजामाबाद-हैदराबादकडची माणसं बरळत, झटके देत दवाखान्यांत आली. मजूर समजत होता आपण ताडी पितो. पीत होता गोळ्या.

आता खाट कुठंय? इंग्रजांच्या काळात मनोरुग्णालयं झाली ती ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. आपण १९४८ पर्यंत निजामाकडं. त्यांतलं एकही आपल्या वाट्याला नाही. नांदेड-लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, हे खरं. तिथं पहिले आठ दिवस निघतील. पुढं?

पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैसा दिला. पाच आठवडे राहायचं. आधी अंगातलं विष उतरवायचं, मग गटात बसून बोलायचं, कामं करायची, घरच्यांनाही बोलवायचं. चांगलं काम, त्याला माझे हात जोडलेले. पण ऊसतोड्याचे पाच आठवडे म्हणजे काय असतं? मुकादमाची उचल अंगावर. घरी चूल कोण पेटवील? पुण्याचं तिकीट कोण काढील?

गरज दिसली की दुकान निघतं. बाहेर व्यसनमुक्तीची पाटी, आत साखळी आणि मार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यात व्यसनाचा आजार धरलाय. साखळी घालायला बंदी आहे, केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. पैसे मोजण्याआधी म्हणा, नोंदणी दाखव. केंद्र सरकारचा फुकटचा फोन आहे, १४४४६. तो नंबर विहाराच्या भिंतीवर लिहा, मोठ्या अक्षरात.

आपली मागणी साधी. जिल्ह्या-जिल्ह्यात सरकारी निवासी केंद्र, महिनाभर राहणं-जेवण फुकट, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बाईच्या हातात. मजुरी नसेल तर तो चौथ्या दिवशी पळणार. मी त्याला दोष देणार नाही.

आमचा म्हातारा आठ दिवसांनी दवाखान्यातनं आला. दहाव्या दिवशी पुन्हा प्याला, गुत्ता दारातच होता. परवा म्हणाला, परत ने मला. सोमवारी नेतोय. रात्री त्याच्याजवळ बसायला दोन पोरं पाहिजेत. कोण येतंय, नावं सांगा.