महाभोपळ्याचा वेल सांभाळताना

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल.
त्यांनी ‘अटलांटिक जायंट’ हे महाकाय भोपळ्याचं वाण तयार केलं.

हा भोपळा जमिनीवरच वाढतो.
तो फुगतो, तसा वेलाला वर उचलतो.
पेरांवर फुटलेली मुळं मात्र वेलाला खाली धरून ठेवतात.
या ओढाताणीत देठाला चीर जाते.
कधी तो तुटतोही.

मग काय करायचं?

फळ लहान असतानाच वेल त्याच्यापासून दूर वळवायचा.
रोज थोडा थोडा.
तोही दुपारच्या उन्हात, कारण तेव्हा वेल लवचीक असतो.
फळाजवळची मुळं सोडवायची.
लांबच्या पेरांवर माती चढवायची.
तिथली मुळं फळाला पाणी पुरवतात.

तेव्हा लक्षात ठेवा:
फळाजवळ वेल मोकळा,
लांबवर मातीखाली.