मोबाईलवरची बैठक: आधी आवाज, मग चेहरा

(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं भाषण)



गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक मोबाईलवर झाली. कर्जाचा हप्ता वाढवायचा ठराव होता आणि माझा त्याला विरोध होता. मी घसा दुखेपर्यंत बोलले. पण वर पत्र्यावर पाऊस, आत कुकरच्या शिट्ट्या. पलीकडे एक शब्द गेला नाही. इतिवृत्तात आलं, "सर्वानुमते मंजूर". तो वाढीव हप्ता मी आजही भरतेय.

डोळखांबहून शहापूरला, टोकावड्याहून मुरबाडला यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते. मोबाईलवरच्या बैठका आता होणारच. म्हणून घरात त्यासाठी एक जागा ठरवा.

सगळ्या जणी चेहरा नीट दिसावा म्हणून धडपडतात. मी म्हणते, आधी आवाज बघा. पावसात पत्र्याखाली बसू नका. गोधड्या, कपडे ठेवलेली खोली सगळ्यात चांगली. रिकाम्या भिंतींवर आवाज घुमतो, गोधड्या तो खातात. माईकवाले साधे वायरचे इअरफोन पुरतात. आपली पाळी नसेल तेव्हा माईक बंद. रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते, ते आदल्या दिवशी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून बघा. बैठकीत अडखळायला लागलं तर कॅमेरा बंद करा, आवाज पुष्कळदा टिकतो.

चेहऱ्याचं सोपं आहे. उघडं दार पाठीमागे असलं की तोंड काळं दिसतं, म्हणून दाराकडे तोंड करून बसा. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवा. हातात धरलात तर बाकीच्यांना चक्कर!

फुकटचं झूम 40 मिनिटांत बंद पडतं; गुगल मीट, तीन किंवा जास्त जणी असल्या तर, 60 मिनिटांत. त्यामुळे कर्जाचे विषय आधी घ्यायला लावा, हळदीकुंकवाच्या गप्पा नंतर.

मुरबाडातलं आपलं धसई 2016 सालीच राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, मोबाईलमधला पैसा आपल्याला नवा नाही. तरी स्क्रीन दाखवताना बँकेचं ॲप उघडं ठेवू नका. कुणी ओटीपी मागितला तर सरळ बाहेर पडा.

ठराव झाला की सचिवताईंना तो मोठ्याने वाचायला सांगा, आणि एकेकीचं नाव घेऊन हो की नाही विचारू दे. आवाज जात नसेल तर चॅटमध्ये "माझा विरोध आहे" एवढं तरी लिहा, नाहीतर लगेच साधा फोन लावा. मला तेव्हा हे सुचलं नाही.

हप्त्याचा विषय मी पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यायला लावलाय. गोधड्यांची खोली आत्ताच रिकामी करून ठेवलीय.