ॲक्युपंक्चर : पहिल्यांदा जाणाऱ्या रुग्णासाठी

ॲक्युपंक्चरमध्ये शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक, भरीव सुया टोचतात. सुईतून औषध जात नाही. ती साधारण पाव मिलिमीटर जाड असते, त्यामुळे टोचताना मुंगी चावल्याइतकेच कळते. मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. सुया वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात.

ही विद्या भारतात डॉ. द्वारकानाथ कोटणिसांनी आणली, असे अनेकजण समजतात. 1938 साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण कोटणीस 1942 साली चीनमध्येच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि तिथे शिकून त्यांनी भारतात हा उपचार रुजवला.

पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागेत आणि कपाशीत दिवसभर वाकून काम करणाऱ्यांची कंबर, मान, गुडघे दुखतात. जुनाट दुखणे, अर्धशिशी आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत ॲक्युपंक्चरने आराम पडल्याचे पुरावे आहेत. मात्र चाचण्यांत खोट्या सुया टोचलेल्यांनाही बराच आराम पडला. खऱ्या सुयांचा जास्तीचा गुण थोडाच निघाला. गुडघ्याच्या झिजेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही, आणि झिजलेली कूर्चा सुईने भरून येत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब ‘मुळापासून’ घालवण्याचे आश्वासन देऊन गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊच नये.

सुई कोण टोचणार, याची चौकशी आधी करावी. केंद्र सरकारने 2019 साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला असून तिथे चिकित्सकांची नोंदणी होते. गाडीने नागपूरला जाणाऱ्या रुग्णाने तो नोंदणी क्रमांक खुशाल विचारावा. पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशात असल्याने तो कायदा इथे लागू नाही. इथे शिक्षण कुठे झाले, किती काळ झाले, हे रुग्णालाच विचारून घ्यावे लागते.

दुसरी चौकशी सुयांची. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचे पाकीट रुग्णासमोर फोडले पाहिजे आणि काम झाल्यावर सुया त्यासाठीच्या डब्यात गेल्या पाहिजेत. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या नोंदी आहेत. इथे संकोच करू नये.

श्रावणी सोमवारचा उपवास असेल तर त्या दिवशी जाणे टाळावे, कारण रिकाम्या पोटी चक्कर येते. गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, रक्तस्रावाचा आजार किंवा पेसमेकर असेल तर ते आधी सांगावे. पेसमेकर असलेल्याला सुयांना वीज जोडून देण्याचा उपचार टाळतात. किंचित रक्त येणे किंवा निळसर डाग पडणे सामान्य आहे. छाती-पाठीवरच्या सुयांनंतर धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर लगेच रुग्णालय गाठावे: क्वचित सुई फुप्फुसापर्यंत पोहोचते.

या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना अचानक अंगभर तीव्र वेदना उठल्या, तर आधी रुग्णालयातच न्यावे. हाता-पायातली ताकद एकाएकी गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा कंबरदुखीसोबत ताप व वजन घटणे असेल, तर तपासणी होईपर्यंत सुया टोचू नयेत.

गुण एका बैठकीत ठरत नाही. सहा-आठ बैठकींनंतरही दुखणे जसेच्या तसे असेल, तर पुढचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडून निदान पुन्हा तपासून घ्यावे.