दुबळ्या हृदयाला श्वासाचा आधार

जन्मतःच ज्याच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे, अशा बाळाच्या फुप्फुसांत आधींच रक्ताची गर्दी असते. त्यांत न्युमोनिया झाला, म्हणजे श्वासाच्या श्रमानें हृदय थकून जातें. अशा वेळीं घशांत नळी न घालतां, नाकावाटे प्राणवायुमिश्रित हवा सौम्य दाबानें सतत देतां येते. त्यामुळें वायुकोश मिटत नाहींत व हृदयाचा भार हलका होतो.

साधन किती साधें! उच्छ्वासाच्या नळीचें टोंक पाण्यांत ५ सेंटिमीटर बुडविलें, कीं तितकाच दाब मिळतो. ढाक्याच्या २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, नुसता प्राणवायु दिलेल्या मुलांपैकीं शेंकडा १५ दगावलीं. या उपायानें शेंकडा ४. मात्र त्यांत हृदयदोषाचीं मुलें नव्हतीं. शिवाय मलावींत, डॉक्टरांची रोजची देखरेख नसतां, मृत्यु वाढलेच, असें २०१९ सालीं दिसून आलें. तेव्हां यंत्राइतकीच जागती नजरही हवी.

ती नजर घरापासूनच सुरू होते. दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटास ५० वा अधिक झाला, किंवा श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहूं नये.