'खाड्या'चे अर्थशास्त्र आणि ऊसतोड स्त्रीचे आरोग्य

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दवाखान्यांच्या संख्येपासून सुरू होते आणि डॉक्टरांच्या रिक्त जागांवर येऊन थांबते. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची स्थिती पाहिली, तर प्रश्नाचे मूळ दवाखान्याच्या बरेच अलीकडे, उसाच्या फडात सापडते.

२०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही आकड्यांची तुलना तंतोतंत नाही, हे मान्य करावे. तरीही पाचपटीची तफावत तेवढ्याने मिटत नाही.

ऊसतोडीत मजुरीचे एकक माणूस नसून 'कोयता' आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला उचल देतो. पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात आणि वहीत नावही त्याचेच लागते. मग पाच-सहा महिने टनामागे मजुरी मांडून ती उचल फेडायची. दोघांपैकी एकाने काम चुकवले तरी खाडा पडतो, आणि एका खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात, अशी मजूर स्त्रियांची तक्रार आहे. पाळी, गरोदरपण, ताप, अंगावरचे जाणे यांपैकी कशालाही या वहीत रकाना नाही. फडात आडोसा नाही, कोपीला न्हाणी नाही, पाणी लांब. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, तीही पुष्कळदा रात्री. जंतुसंसर्ग होणारच. साध्या औषधाने बरा होणारा आजार अंगावर काढला जातो आणि शेवटी ती बाई गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात पोहोचते. तेथे कर्करोगाची भीती घातली जाते. दोन मुले झाली आहेत, पिशवीचा आता उपयोग काय, असे विचारले जाते. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा कर्जातून, म्हणजे पुढच्या उचलीतून.

या स्त्रियांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक त्यांनी केलेला हिशेब, हाती असलेल्या आकड्यांपुरता, बिनचूक आहे. पुढचे आकडे त्यांना कोणी सांगितलेले नसतात: चाळिशीच्या आत पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऋतुनिवृत्ती लगेच येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि डोक्यावरची मोळी तेवढ्याच वजनाची राहते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी समजुतीला तेव्हा मोठा धक्का बसला. समजूत अद्याप पुरती गेलेली नाही.

विमा काढून दिला की प्रश्न सुटेल, असे मानणारे आपल्याही पक्षात आहेत. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबामागे तीस हजारांचे संरक्षण. २०१२ मध्ये बिहार आणि छत्तीसगडमधून अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या तक्रारी पुढे आल्या. तपासणीला पैसा नाही आणि शस्त्रक्रियेला मात्र आहे, अशी व्यवस्था खाजगी बाजारात सोडली की निष्कर्ष वेगळा निघत नाही. त्यासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवले होते.

आणि कारखाने? सहकार हा शब्द प्रवेशद्वाराच्या कमानीवर असतो. आत येणारा ऊस कोणी तोडला, याची नोंद मात्र मुकादमाच्या वहीत. तोडणारी बाई कारखान्याची कामगारच नव्हे, म्हणून आजारपणाची भरपगारी रजा नाही, बाळंतपणाचीही नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती लढ्याचे यशच. पण वाढीव रक्कमही कोयत्यावरच जमा होते.

तेव्हा मागणी कारखान्याकडे करावी लागेल. बाईच्या नावाने वेगळे ओळखपत्र आणि वेगळे मजुरीखाते. आजारपणाचा खाडा बंद. तळावर पाणी, संडास आणि आठवड्याला स्त्री डॉक्टरची फेरी. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्यापूर्वी तालुक्यातील किती स्त्रियांची तपासणी झाली आणि किती खाजगी शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतली गेली, ही माहिती कार्यकर्त्यांनी लेखी मागावी. उत्तर आले नाही तर गाडीतळावर बसून स्वतःच यादी करावी.