कागदाची देवघेव



विश्रांतवाडीतील घरोघर महिनाअखेर रद्दीवाल्यास हाक जाते, वर्तमानपत्रे तराजूत पडतात आणि भावावरून थोडी घासाघीस होते. हा भाव आळंदी रस्त्यावरच ठरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यात दूरदेशीच्या बंदरांचाही हात असतो. तो कसा, हे समजण्यास निरनिराळ्या देशांचा कागदाचा व्यापार काळानुसार कसा पालटला, ते ताडून पाहावे लागते.

ताडून पाहताना पहिली दक्षता मापाची. हुंडणावळ बदलली की रुपयांचा आकडा फुगतो अथवा आटतो. म्हणून वजनही पाहावे. दुसरी दक्षता प्रकाराची. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत लगदा व रद्दी 47व्या प्रकरणात, कागद व पुठ्ठा 48व्यात, आणि छापील ग्रंथ 49व्यात येतात. एकच प्रकरण चाळणारा फसतो. शिवाय औषधे वा यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून परदेशी जातात, त्या खोक्यांचा कागद सहसा मालाच्याच हिशेबात बुडून जातो.

ह्या दृष्टीने पुण्याचाच इतिहास पाहावा. पेशवाईत जुन्नर व दौलताबादकडचे कागदी हाताने कागद करीत. कसब्यातील कागदीपुरा हे नाव त्याच धंद्याची आठवण देते. एकोणिसाव्या शतकात विलायती यंत्रकागद स्वस्त मिळू लागला आणि हातकागदाचा धंदा बसला. 1885च्या सुमारास मुंढव्यास कागदाची गिरणी निघाली. 1925 साली बांबूच्या कागदास कायद्याने संरक्षण मिळाले. तरीही वृत्तपत्रांचा कागद बाहेरूनच येई. नेपानगरचा कारखाना 1956 साली राष्ट्रास अर्पण झाला, तेव्हा कोठे त्यास देशी आधार लाभला.

ह्या परावलंबनाचे मूळ वनस्पतीत आहे. थंड देशांतील सूचिपर्णी वृक्षांचा तंतू लांब व चिवट असतो. कॅनडा, स्वीडन, फिनलंड हे देश त्यावर समृद्ध झाले. भारतात अशी अरण्ये मुख्यत्वे हिमालयापुरतीच. म्हणून येथील गिरण्यांची भिस्त लागवडीची झाडे, बांबू, उसाचे चिपाड आणि रद्दी ह्यांवर. त्यांतही रद्दीचा तंतू दर खेपेस आखूड होत जातो. त्यात नव्या तंतूची भर घालावीच लागते.

अमेरिका व युरोप येथील रद्दीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पूर्वी चीन होते. 2018 पासून त्याने मिश्र रद्दी नाकारली आणि 2021 पासून टाकाऊ घन मालाची आयातच बंद केली. तेव्हा बरीच रद्दी स्वस्त होऊन भारत, व्हिएतनाम, इंडोनेशिया ह्यांकडे वळली. बाहेरची रद्दी स्वस्त पडली की देशी रद्दीचा भाव उतरतो, आणि त्याची झळ पहिल्याने लागते ती रस्तोरस्ती कागद वेचणाऱ्या स्त्रियांस. पुण्यात अशा कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना 1993 साली स्थापन झाली.

मग गिरण्या परदेशी रद्दी घेतात तरी कशाला? देशात पुरेशी रद्दी गोळा होत नाही, हे एक कारण. आणि जी होते तीतील पुष्कळशी ओल्या केरात भिजलेली, तेलकट झालेली, हे दुसरे. पहिल्यास सरकार व नगरपालिका हव्यात. दुसऱ्याचा उपाय मात्र प्रत्येक गृहिणीच्या व गृहस्थाच्या हाती आहे: कागद कोरडा ठेवावा, वह्या, वर्तमानपत्रे व पुठ्ठा निरनिराळे बांधावेत, आणि केरात एकही कपटा जाऊ देऊ नये. जगाचा भाव त्याने बदलणार नाही. परंतु वेचणारीच्या पोत्यातील मालाची प्रत सुधारेल, आणि तिच्या पदरी दोन पैसे अधिक पडतील.