कारण जुनं, खूण नवी



बोलायला सुरुवात करण्याआधी एक छोटंसं काम करू. प्रत्येकाने आपापल्या अंगठ्याचं नख नीट बघा. कुणाच्या नखावर आडवी खाच दिसते का? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. ते तयार होतं मुळाशी, कातडीच्या आत, आणि हळूहळू पुढे सरकतं. म्हणजे खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल, तर ती पडली साधारण दोन महिन्यांपूर्वी. आठवून बघा, तेव्हा डेंग्यू, टायफॉइड असा मोठा ताप आला होता का? बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली या खाचांचं वर्णन केलं. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज शिकायला मिळते. सर्व्हर आज बंद पडला, म्हणून चूक आजच झाली असं नसतं. चूक कधी तीन आठवड्यांपूर्वीच्या एका ओळीत असते आणि आम्ही मात्र आज सकाळी कोणी काय बदललं ते शोधत बसतो. त्वचा, केस आणि नखं यांच्या बाबतीत आपण घरोघरी हेच करतो. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे, आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करायची आहे.

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ चे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांची डोकी खाजू लागली आणि तीन-चार दिवसांत केसांचे पुंजके हातात येऊ लागले. बायका, पुरुष, शाळकरी मुलं, कोणीच सुटलं नाही. १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. सगळ्यांनी आधी संशय घेतला तो जवळच्या गोष्टींवर. कोणी शाम्पू म्हणालं, कोणी बोअरचं पाणी, कोणी बुरशी. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, तेव्हा अनेकांना वाटलं की कारण सापडलं. पण खारं पाणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग केस याच हिवाळ्यात का गेले? हा साधा प्रश्न त्या उत्तराला पुरून उरला.

आजारापेक्षा वाईट होतं ते माणसांचं वागणं. या गावांतल्या लोकांना बाहेरचे टाळू लागले, जमत आलेल्या सोयरिकी अडल्या, मुलं टोपी-रुमाल घालून वर्गात बसू लागली. हा आजार एकमेकांपासून लागतो याचा कुठलाही पुरावा नव्हता. तरी बहिष्कार आधी आला आणि तपासणी नंतर.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी गावांत येऊन नमुने नेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे अभ्यास केला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे हेच डॉक्टर. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम अनुक्रमे ३५, ६० आणि १५० पट आढळलं, आणि जस्त कमी आढळलं. रेशनवर आलेल्या गव्हात स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम होतं, असं त्यांनी सांगितलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. गव्हाबद्दलच्या या निष्कर्षावर सरकारी पातळीवरून आक्षेपही घेतले गेले. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे मात्र कृषी शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातल्या काहींची नखं पांढुरकी, ठिसूळ होऊन गळू लागली. लोक घाबरले. 'केस परत आले होते, आता हे काय नवीन?' पण ते नवीन नसावं. केस आणि नखं दोन्ही केराटिनची बनलेली असतात आणि केराटिनला मजबुती येते गंधकाच्या बंधांमुळे. रसायनशास्त्राच्या तक्त्यात सेलेनियम बरोबर गंधकाच्या खाली बसतं. वागणुकीने ते गंधकाचा जुळा भाऊच. जास्त झालं की गंधकाच्या जागेवर जाऊन बसतं आणि बंध कच्चा राहतो, असं शास्त्रज्ञ मानतात. वाढत्या केसाचं मूळ दुखावलं तर केस काही दिवसांत तुटतो. नखाचं तसं नाही. बिघडलेला भाग कातडीखालून बाहेर यायलाच काही आठवडे लागतात आणि पूर्ण नख बदलायला हाताला सहा महिने, पायाला वर्ष-दीड वर्ष. घाव एकच, पण त्याची पावती दोन वेगवेगळ्या तारखांना मिळते.

हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात केस आणि नखं जाण्याची अशीच साथ आली होती, कारण मातीतून पिकात उतरलेलं सेलेनियम. अमेरिकेत २००८ साली एका पातळ पूरक आहारात चुकून २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ जणांना त्रास झाला. तिथेही केस गळले, नखं गेली, आणि काहींचा त्रास औषध थांबवल्यावरही तीन महिन्यांहून जास्त टिकला. कारण संपलं तरी खूण चालूच राहते, ती अशी.

आता माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट. बारावीत असताना चाँदरातीला मी काळी मेंदी काढून घेतली होती. अर्ध्या तासात गडद रंग, मैत्रिणींत कौतुक. दहा-बारा दिवसांनी नेमक्या त्या नक्षीवरच बारीक पुरळ आलं, खाजलं, गेलं. मी विसरूनही गेले. पुढे आठ वर्षांनी मामेबहिणीच्या लग्नासाठी केस रंगवले. दुसऱ्या दिवशी डोकं पेटल्यासारखं झालं आणि तिसऱ्या दिवशी चेहरा असा सुजला की डोळे उघडेनात. अम्मीने दोष दिला दावतीतल्या वांग्यांना. खाला म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, "पूर्वी कधी काळी मेंदी लावली होती का?"

खऱ्या मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-तपकिरी येतो आणि त्याला वेळ लागतो. झटपट काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचं केस रंगवण्याचं रसायन मिसळलेलं असतं. शरीर पहिल्या भेटीत ते ओळखून ठेवतं. ही ओळख पक्की व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. ती ओळख पुढे वर्षानुवर्षं राहते, आणि पुन्हा भेट झाली की एक ते तीन दिवसांत अंगावर उमटते. म्हणून 'मी तर नेहमीच वापरते, आजपर्यंत काही झालं नाही' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. ॲलर्जी पहिल्या दिवशीच होते असं नाही, ती कमावली जाते. ईदला धाकट्या बहिणींच्या हातावर काय चढतंय ते एकदा विचारा, एवढंच माझं सांगणं.

तिसरं उदाहरण फार जुनं आहे. कुष्ठरोगाचा जंतू इतका संथ, की एकाचे दोन व्हायला त्याला दोनेक आठवडे लागतात. संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंसुद्धा जातात. आता सांगा, वीस वर्षांपूर्वी कोणाजवळ बसलो होतो हे कोणाला आठवणार? कारण सापडत नाही, म्हणून माणसांनी ते पापात शोधलं, खानदानात शोधलं, आणि रुग्णाला गावाबाहेर काढलं. आपल्या विदर्भातलं आनंदवन उभं राहिलं ते याच बहिष्कृत माणसांसाठी. आज सरकारी दवाखान्यात याचं औषध मोफत मिळतं, रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्याला लागायचा थांबतो. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, असं घरात कोणाला असेल तर लपवू नका. मुलीच्या लग्नाच्या काळजीने लपवलेला चट्टा पुढे तिची बोटं वाकडी करतो.

ही सगळी उदाहरणं मी का सांगतेय? कारण आणि खूण यांच्यामध्ये वेळ गेला की त्या रिकाम्या जागेत अफवा राहायला येते. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. त्या तापात वाढ थांबलेले केस तेवढे दिवस डोक्यावर नुसते बसून असतात. गळू लागले की दोष जातो नव्या तेलाला, सासरच्या पाण्याला, नाहीतर जावेच्या नजरेला. पुढे काही महिन्यांत ते आपोआप येतात, तेव्हा श्रेय जातं त्या वेळी गळ्यात असलेल्या तावीजला. दोष चुकीच्या माणसाला आणि श्रेयही चुकीच्या माणसाला. आपल्याच जिल्ह्यात सैलानीला दूरदूरहून माणसं येतात. त्यांच्या श्रद्धेला मी हसत नाही, त्यांच्यातल्या अनेकांना दवाखान्यात कोणी पाच मिनिटं ऐकून घेतलेलं नसतं. पण दुआ मागणारा हात नोंदवहीही धरू शकतो.

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला अल-राझींचं नाव सांगा. हजारहून अधिक वर्षांपूर्वी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्यांनी सविस्तर लिहिलं. त्यांचा 'अल-हावी' हा अवाढव्य ग्रंथ तर त्यांच्या टिपणांतूनच, त्यांच्या मृत्यूनंतर तयार झाला. रुग्णाला कधी काय झालं ते लिहून ठेवायचं, ही आपली स्वतःची परंपरा आहे. आपण ती विसरलो.

म्हणून शेवटी चार कामं. पहिलं, घरात एक वही ठेवा. नवं औषध, नवा साबण, नवा रंग, मोठा ताप, प्रत्येकाची तारीख लिहा. दुसरं, दर महिन्याच्या रेशनमधला मूठभर गहू-तांदूळ कोरड्या पाकिटात, तारीख घालून सहा महिने ठेवा. शेगावच्या गावांसारखं उद्या काही घडलंच, तर पीठ खाऊन संपल्यावर पुरावा कुठून आणणार? रेशन हा आपला हक्क आहे, ते टाकून देऊ नका. पण ते तपासून मिळणं हाही हक्कच आहे. तिसरं, डॉक्टरांकडे गेलात की 'काल काय खाल्लं' एवढंच सांगून थांबू नका. सहा महिन्यांपूर्वी काय झालं तेही सांगा.

आणि चौथं सर्वांत महत्त्वाचं. कोणाच्या अंगावर काही उठलं, कोणाचे केस गेले, तर कारण कळेपर्यंत त्या माणसाशेजारी बसा. बोंडगावच्या मुलांना औषधाआधी याचीच गरज होती. आपल्यालाही नको असलेली नजर काय असते हे ठाऊक आहे. निदान आपण तरी ती दुसऱ्यावर टाकू नये.

आता तुमचे प्रश्न विचारा.